साडेतीनच्या दोन खाचा

मित्रांनो, झाकण जरा हळू उघडा, माझी बिजागरी आता कुरकुरते. मी एका फिरत्या चष्मेवाल्याची जुनी पेटी आहे. माझ्या आत लाल मखमल आहे, मखमलीत खाचांच्या रांगा आहेत आणि खाचेखाचेत डोळे तपासायचं एकेक गोल भिंग. भिंगाला पितळी कडा, कडेला चिमुकली दांडी, दांडीवर कोरलेला नंबर. तोच नंबर खाचेशेजारीही छापलेला. सगळी भिंगं जागच्या जागी आहेत. फक्त साडेतीन नंबरच्या दोन खाचा तुम्हाला रिकाम्या दिसतील. मला त्यांचंच सांगायचं आहे.

ज्या सुताराने मला घडवलं, तो प्रत्येक खाचेतून बोट फिरवून बघायचा आणि पुन्हा पॉलिश पेपर घ्यायचा. त्याच्याकडून मी चष्मेवाल्यांकडे आले. दर महिन्याला ते मला घेऊन बसने निघत. चार दिवसांत चार गावं व्हायची, आणि शेवटचं गाव दादांचं. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते घड्याळं दुरुस्त करायचे. वडील गेल्यावर धाकट्याला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं.

आमच्या चष्मेवाल्यांना सगळं जमायचं, थांबणं तेवढं जमायचं नाही. बस दहा मिनिटं लांबली की चौकशीच्या खिडकीवर त्यांच्या चकरा सुरू. शेवटी दादांनीच एकदा कान उपटले. "बस आणणं तुझ्या हातात आहे का? नाही ना? मग हातात आहे ते कर. पेटी उघड आणि भिंगं पूस. बस उशिरा येते, पण येते."

तेव्हापासून बाकावर बसल्या बसल्या ते एकेक भिंग उचलायचे. त्यावर श्वास सोडायचा, वाफ धरली की मऊ फडक्याने पुसायचं, उजेडात धरायचं, दांडीवरचा नंबर वाचायचा आणि त्याच नंबरच्या खाचेत ठेवायचं. शेवटच्या रांगेपर्यंत त्यांचा श्वास इतका संथ व्हायचा की शेजारच्या प्रवाशाचीही कुरकुर थांबायची. खरं सांगते, बस उशिराच यावी असं मला वाटायचं. तो ऊबदार श्वास मला फार आवडायचा.

पण एकदा दादांच्या गावाला जाताना बस भर उन्हात बंद पडली. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. कंडक्टर म्हणाला, "काका, दुसरी गाडी येतेय. बसा जरा निवांत."

"निवांत कसला बसतोय! माझी परतीची गाडी चुकेल त्याचं काय?" असं म्हणत त्यांनी मला बसच्या पायरीवर दाणकन आपटलं. कडी निघाली आणि भिंगं धुळीत पडली. त्यांनी ती मुठीने गोळा केली आणि हाताला लागेल त्या खाचेत कोंबली. त्या दिवशी पुसणं नाही की नंबर वाचणं नाही.

दादांकडे पोचलो तेव्हा परतीच्या गाडीला अर्धाच तास उरला होता. दादांना घड्याळातली चक्रं धूसर दिसू लागली होती. दीडच्या खाचेतली भिंगं डोळ्यांवर चढवताच ते हरखले. "अरे वा! स्प्रिंगसुद्धा दिसतेय की!" धाकट्याने दांडीकडे न बघताच वहीत 'दीड' लिहिलं आणि धावत बस गाठली. खाच दीडची होती, भिंगं मात्र साडेतीनची होती.

चष्मा दीडचा बनला आणि पोस्टाने गेला. दादांचं पत्र आलं, 'चष्मा छान आहे, काळजी करू नकोस.' खरं काय ते माझ्या पोटात होतं. पण झाकण उघडल्याशिवाय मी काय सांगणार?

पुढच्या फेरीला पहिल्याच स्टँडवर बसला उशीर झाला. चष्मेवाल्यांनी मला मांडीवर घेतलं. पुसता पुसता दीडच्या खाचेतलं भिंग उजेडात धरलं, दांडी वाचली आणि त्यांचा हात तिथेच थबकला.

"अरे देवा," ते पुटपुटले, "दादाला मी कसला चष्मा दिला!"

फेरी सोडून ते दादांच्या गावाला जाणाऱ्या बसच्या फलाटावर आले. ती बसही दीड तास उशिरा होती. एकदा ते खिडकीकडे जायला उठले, चार पावलं गेले आणि परत फिरले. मग बस येईपर्यंत साडेतीनचीच जोडी पुसत राहिले. डोळे भरले होते, पण हात स्थिर होता.

दादांच्या दुकानात घड्याळं नव्हती. भिंतीवर नुसते खिळे होते. दादा रिकाम्या टेबलापाशी हात मांडीवर ठेवून बसले होते.

"डोळेच गेले रे माझे," ते म्हणाले. "तुझ्या चष्म्याला काय दोष द्यायचा? लोकांची घड्याळं परत केली. हत्यारंही देऊन टाकली."

"डोळे नाही गेले, दादा. मी घाई केली."

त्यांनी तपासायच्या फ्रेममध्ये साडेतीनची भिंगं बसवली आणि दादांच्या नाकावर ठेवली. दादांनी आधी आपलीच बोटं निरखली. मग त्या खिळ्यांकडे बराच वेळ बघितलं. शेवटी धाकट्याकडे वळून म्हणाले, "तुझे केस कधी पिकले रे?"

धाकट्याला ती फ्रेम दादांच्या नाकावरून काढवेना. तशीच ठेवून ते निघाले. पुढच्या महिन्यात बरोबर नंबरचा चष्मा आला, पण ती भिंगं त्यांनी परत मागितली नाहीत. हत्यारं गेली ती गेलीच, दुकान काही पुन्हा उघडलं नाही. काही वर्षांनी दादा गेले. मग चष्मेवाल्यांनी साडेतीनची नवी जोडी घेतली आणि ती झाकणाच्या कप्प्यात ठेवली. खाचांत नाही. प्रत्येक स्टँडवर पुसता पुसता त्यांचं बोट त्या दोन खाचांपाशी थांबायचं.

आता यंत्र डोळे तपासतं. चष्मेवालेही नाहीत. मी फळीवर पडून आहे. बाहेर बसचा आवाज आला की मला तो बाक, ते फडकं आणि तो श्वास आठवतो, आणि फार आठवतो.

मित्रांनो, तुमची बस लांबली की उगाच कुणावर चिडू नका. हातात जे असेल ते नीट बघा, नीट पुसा, जागच्या जागी ठेवा. आणि कधी माझ्यावरची धूळ झटकलीत, तर त्या दोन खाचा मात्र भरू नका. बस उशिरा येते, पण येते, असं दादा म्हणायचे. तशाच एखाद्या ऊबदार श्वासासाठी मी अजून थांबले आहे.