कुटुंबांसाठी राखीव

नव्या बालरुग्णालयाच्या दारात गाडी थांबली, तसा वॉचमन खिडकीशी वाकला. "मुलीला घेऊन कोण उतरतंय, आणि गाडी कोण लावतंय?"

"मीच उतरणार, मीच लावणार," वहीबा म्हणाली.

"म्हणजे नवरा मागून येतोय?"

"नवरा कुवेतला आहे, भाऊ. मागून यायचं म्हटलं तर वाळवंट आणि समुद्र आड येतो."

तो हसला, पण त्याने बोट दाखवलं ते पाटीकडेच. एका पालकाने मुलाला आत न्यावं, दुसऱ्याने गाडी कुटुंबांसाठी राखीव जागेत लावावी, दारात गाडी उभी ठेवू नये. "मुलीला इथे माझ्या खुर्चीवर बसवा. पाच मिनिटांचा तर प्रश्न. मी काय खाणार आहे तिला?"

मागच्या सीटवरून बसंतने आईचा खांदा घट्ट धरला. सहा वर्षांची पोर, रक्ताच्या आजाराने पिवळी पडलेली. आज तिची प्लीहा काढायची होती. पहाटेच्या नमाजानंतर वहीबाने तिला शब्द दिला होता, की ते लोक तुला आत नेईपर्यंत मी तुझा हात सोडणार नाही. "आणि गाडी चालवताना?" असं बसंतने विचारलं होतं, आणि तेवढी सूट मोठ्या मनाने दिली होती.

"नको, भाऊ. मी तिला घेऊनच गाडी लावते."

"तुमची मर्जी. पण आठला यादी बंद होते बरं. नंतर आलेल्याला दीड महिन्याने पुढची तारीख."

आठ वाजायला वीस मिनिटं होती.

जुन्या इस्पितळाची गल्ली अशी नव्हती. तिथे गाड्या तीन-तीन रांगांत उभ्या असायच्या, आणि सगळ्यांचा हँडब्रेक खाली, गिअर मोकळा. ज्याला बाहेर पडायचं त्याने पुढच्या गाड्या ढकलाव्यात आणि निघावं, असा रिवाज. गाड्या सांभाळणारे म्हातारे अम्म दसूकी, म्हणजे दसूकीकाका, दारातच ओरडायचे, "जा पोरी, तू वर जा, तुझं गाढव मी बांधतो!" दोन वर्षं दर सोमवारी वहीबा गाडीचं दार उघडं टाकून, बसंतला कडेवर घेऊन, मागे न बघता वर गेली होती.

इथे वाहनतळाच्या दुसऱ्या मजल्यावर रुंद, पांढऱ्या रेघांनी आखलेल्या जागा होत्या. भिंतीवर आई, बाप आणि मूल हातात हात घालून चाललेलं चित्र. माणूस मात्र औषधालाही नव्हतं. वहीबाने गाडी रेघांच्या मधोमध लावली, आणि हातांनी त्यांच्या सवयीचं काम केलं: गिअर मोकळा, हँडब्रेक खाली. बसंतला कडेवर घेतलं, पिशवी खांद्याला अडकवली, तिचा हात हातात धरला आणि लिफ्टकडे चालू लागली.

दहा-बारा पावलं गेली असतील. आईच्या खांद्यावरून मागे बघत असलेली बसंत शांतपणे म्हणाली, "आई, गाडी आपल्यामागे येतेय."

वहीबा वळली. सपाट वाटणारी जमीन सपाट नव्हती. दावं सुटलेल्या म्हशीसारखी गाडी संथपणे मागे सरकत होती.

"कोणी आहे का? अहो, धरा कोणीतरी!"

तिचाच आवाज छताला आपटून परत आला. गल्लीत असती तर दहा हात पुढे झाले असते, वर पाच शिव्या आणि सात सल्ले. इथे धरायचं तर तिनेच, आणि त्यासाठी बसंतला खाली ठेवायला हवं, हात सोडायला हवा. वहीबा खांबाच्या आडोशाला झाली. "या लतीफ, दयाळू अल्ला," ती पुटपुटली, आणि गाडीला जाऊ दिलं.

तेवढ्यात समोरच्या करड्या गाडीचं दार उघडलं. दाढी वाढलेला एक माणूस नुसत्या मोज्यांवर धावला आणि डिकीला खांदा लावून उभा राहिला.

"बाई, हँडब्रेक नावाची वस्तू असते गाडीत! बघितलीय कधी?"

"माफ करा. जुन्या इस्पितळाच्या गल्लीची सवय."

तो तसाच वाकलेला हसायला लागला. "अम्म दसूकीची गल्ली? मग बरोबर आहे. तिथे हँडब्रेक ओढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तीन आठवडे झाले, इथे एक गाडी ढकलली नाही मी. खांदे गंजले." जोर लावता लावता तो सांगत होता. नाव वगदी, दुमयात शहरातला सुतार. बायको वर मुलाजवळ. एका खाटेमागे एकच मोठं माणूस, म्हणून तो खाली गाडीत. "कुटुंबांसाठी राखीव म्हणे! निम्मं कुटुंब वर, निम्मं खाली."

"मुलगा कसा आहे आता?"

वगदीने गाडी रेघांच्या आत नेली. मग म्हणाला, "तुम्हाला आठला पोचायचंय ना, बहीणबाई? पळा. किल्ली द्या, मी नीट लावून ठेवतो."

अनोळखी माणसाच्या हातात किल्ली ठेवून ती पळाली. यादीत बसंतचं नाव शेवटचं लागलं.

वरच्या मजल्यावर बसंतला हिरवा झगा घातला, आणि नर्सने एक छोटीशी, विजेवर चालणारी लाल मोटार समोर आणली. "आमच्याकडे मुलं स्वतः गाडी चालवत आत जातात. येते ना चालवता?"

बसंत बसली. वहीबा वाकून, तिचा डावा हात धरून बाजूने चालू लागली. मोटार वाकडी होऊन भिंतीला टेकली. सरळ केली, पुन्हा टेकली.

"राजकन्ये, चाकाला दोन्ही हात लागतात गं," नर्स म्हणाली.

वहीबाला वाटलं, आता मलाच सोडायला लागणार. ती मनाशी बळ धरत होती, तोवर चिमुकली बोटं तिच्या मुठीतून आपणहून निसटली.

"सरक ना, आई. चाकाखाली पाय येईल तुझा."

वहीबा सरकली. लाल मोटार सरळ गेली, दारं उघडली, मिटली. बसंतने मागे पाहिलं नाही. गाडी चालवणारा मागे कशाला बघेल?

नर्सने दाखवलेल्या लांब बाकावर वहीबा एकटी बसली. मुलीसाठी दुआ मागितली. मग वगदीच्या मुलासाठी मागायला गेली, आणि लक्षात आलं, त्याचं नाव विचारलंच नव्हतं. अल्लाला ठाऊक असेल. तिने पुन्हा दोन्ही तळवे समोर उघडले. त्यांतला एक अजून ओलसर होता.