चिलटांच्या लापशीचा टोप

मित्रांनो, माझ्यातलं अन्न खाऊन मोठी झालेली चिलटं मोजायला बसलात तर तुमची शाळा सुटेल आणि दुसऱ्या दिवशीची भरेलही. होय, चिलटंच. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती. सगळं गाव ज्यांना टाळ्या वाजवून मारतं, त्यांना या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपाने आयुष्यभर जेवू घातलं.

खरं तर माझा जन्म त्यासाठी नव्हता. तुकुमान या आमच्या गावच्या बाजारामागे मला घडवलं ते लोक्रोसाठी. पांढरा मका, भोपळा, घेवडा आणि मांस यांचं ते दाट कालवण माझ्यात सकाळपासून रटरटायचं आणि त्याच्या वासाने शेजारी आपोआप गोळा व्हायचे. मी कासिल्दाबाईंच्या घरी होतो. नऊ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला सगळी गल्ली मला उसना न्यायची. एकदा परत येताना मी ट्रकमधून पडलो आणि माझ्या बुडाच्या कडेला चांगला पोचा पडला. कासिल्दाबाईंनी त्या शेजाऱ्याला पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं. मला मात्र त्या पोच्याची लाज वाटायची. तोच पुढे माझ्या कामी येणार हे मला कुठून कळणार?

कासिल्दाबाईंची लेक एर्मिंदा परदेशात जनुकशास्त्र शिकून आली आणि आमच्याच विद्यापीठात लागली. शरीरातल्या पेशी का मरतात आणि त्यातून आजार कसे होतात, हा तिचा विषय. प्रयोगाला तिने चिलटं घेतली, कारण ती पटापट वाढतात आणि तक्रार करत नाहीत. पण त्यांना मक्याचं पीठ, काकवी आणि यीस्ट घालून लापशी शिजवून द्यावी लागते. विभागाकडे एवढं मोठं भांडं नव्हतं, म्हणून ती मला मागायला आईकडे आली.

“विमानात बसवून शिकायला पाठवलं,” कासिल्दाबाई म्हणाल्या, “आणि आता माश्यांना जेवायला घालणार? आपल्याकडे त्या फुकट जेवतात.”

“आई, या साध्या माश्या नाहीत.”

“हो ना, विद्यापीठाच्या आहेत. काटे-चमचे पण घेऊन जा मग. आणि हे बघ, नऊ जुलैला टोप घासून परत आणायचा.”

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. प्रयोगशाळेतला मदतनीस ओविदिओ मला चुलीवर चढवायचा, लापशी ढवळत गाणी म्हणायचा आणि स्वतःला चिलटांचा आचारी म्हणवून घ्यायचा. पाहुणे आले की एर्मिंदा त्यांना आधी मला दाखवायची. विभागातला सगळ्यात कष्टाळू सदस्य, सुट्टी मागत नाही, असं म्हणायची. मी अंगभर चकाकायचो.

दर शुक्रवारी तिथे दोन्या रोसेंदा यायच्या; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई. त्या खिम्याच्या करंज्या, म्हणजे एम्पानादा, करून विकत. आमच्या गावात एम्पानादाची परीक्षा तिच्या मुरडीवर होते, आणि रोसेंदांची मुरड एकेकाळी वेणीसारखी असायची. पण त्यांच्या घराण्यात एक आजार होता. चाळिशी उलटली की हात थरथरायला लागत. आजीचे थरथरले, आईचे थरथरले, आणि आता त्यांचे. मुरड वेडीवाकडी व्हायला लागली, तेव्हा त्या चाचणीसाठी रक्त द्यायला म्हणून आल्या आणि येतच राहिल्या. त्यांना स्वतःची फारशी फिकीर नव्हती. लेक बेनिता आता मुरड घालायला शिकली होती. तिचे हात वाचावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

“पेशी मरतात म्हणजे वाईटच ना?” त्यांनी एकदा विचारलं.

“नेहमी नाही,” एर्मिंदा म्हणाली. “तुमची बोटं बघा. आईच्या पोटात ती बदकाच्या पायासारखी जोडलेली होती. मधल्या पेशी आपणहून मेल्या, म्हणून बोटं सुटी झाली. ज्यांनी मरायला हवं त्या मेल्या नाहीत तर गाठी होतात. तुमच्या घरात उलटं आहे. ज्या राहायला हव्यात त्याच निघून जातात.”

“म्हणजे आमच्या दिरासारखं,” रोसेंदा म्हणाल्या. “नको तेव्हा मुक्काम, आणि काम निघालं की पसार.”

ओविदिओला लापशी ढवळता ढवळता ठसका लागला.

एर्मिंदाने त्या घराण्यातला बिघडलेला जनुक चिलटांच्या डोळ्यांत घातला. त्यांच्या डोळ्यांतल्या पेशी मरायच्या आणि लाल टपोरे डोळे सुरकुतून जायचे. मग ती एकेक दुसरा जनुक बंद करून बघायची, की कोणता बंद केला म्हणजे हे मरण थांबतं. एकामागून एक जनुक फुकट गेला. तिचे केस पिकायला लागले.

कासिल्दाबाई गेल्यावर नऊ जुलैचा लोक्रो एर्मिंदा विभागातच करू लागली, तोही अगदी आईच्या पद्धतीने. मका तीन-चार दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा. एका वर्षी थंडी इतकी कडक होती की मका काही केल्या फुगेना. ओविदिओ सासुरवाडीला गेलेला. एर्मिंदाने इकडेतिकडे बघितलं आणि मला मक्यासकट, चिलटांच्या बाटल्या ज्या उबेच्या कपाटात असत त्यात, खालच्या फळीवर, बाटल्या सरकवून बसवलं. रोज नळाचं बर्फासारखं पाणी माझ्यात ओतलं जायचं. मका फुगला, लोक्रो झाला, लोकांनी बोटं चाटली. मी कुठे बसलो होतो हे त्या धांदलीत ती साफ विसरली.

दोन आठवड्यांनी खालच्या फळीवरच्या बाटल्यांतून एक नवा जनुक बंद केलेली चिलटं बाहेर आली. डोळे लाल, टपोरे, एकही सुरकुती नाही. वरच्या फळीवरच्यांचे, ज्यांचा जनुक बंद केला नव्हता त्यांचे, नेहमीसारखे सुकलेले. एर्मिंदा सूक्ष्मदर्शकावरून उठली आणि तिने ओविदिओला मिठी मारली. तो शुक्रवार होता. रोसेंदा दारात उभ्या होत्या. एर्मिंदाच्या तोंडून निघून गेलं, “बेनिताचे हात वाचतील.”

मित्रांनो, खरी गोष्ट वेगळीच होती. डोळे जनुकामुळे वाचले नव्हते, माझ्या गारव्यामुळे वाचले होते. गारव्यात तो बिघडलेला जनुक पेशी मारणारं आपलं विष कमी बनवतो. हे एर्मिंदाला ठाऊक होतं, पण खालची फळी गार पडली होती हे फक्त मला ठाऊक होतं. एवढं मोठं तोंड असून मला एक शब्द बोलता येईना.

रोसेंदांनी ती बातमी सगळ्या गल्लीत वाटली. ओविदिओ म्हणाला, “डॉक्टरबाई, छापून टाका आता. वाट कसली बघताय?”

“परत करून बघू,” ती म्हणाली. हे तिचं नेहमीचं वाक्य.

परत केलं. डोळे सुकलेले. आणखी एकदा केलं. सुकलेले. आपण कुठे चुकलो ते तिला कळेना. ती जेवेना, नीट बोलेना. शेवटी काहीतरी करायचं म्हणून तिने उबेचं कपाट रिकामं करून घासायला घेतलं. खालच्या फळीच्या पांढऱ्या रंगावर एक राखाडी वर्तुळ उमटलेलं होतं, आणि ते एका बाजूला चेपलेलं होतं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने मला उचलून त्या वर्तुळावर ठेवलं. माझा पोचा चेपलेल्या जागी बरोबर बसला.

“मीच गं बाई,” ती म्हणाली आणि जमिनीवर बसून रडली. मग डोळे पुसता पुसता हसायला लागली. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा त्या पोच्याचा अभिमान वाटला.

त्याच संध्याकाळी ती मला काखेत मारून रोसेंदांच्या घरी गेली. पुरावा म्हणून नेलं असावं. बेनिता कणीक लाटत होती. एर्मिंदाने काही न लपवता सगळं सांगितलं. बेनिताचं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता आम्हा दोघांना बाहेर काढतात.

रोसेंदांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एर्मिंदाकडे. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते.

“मी देवळात मेणबत्त्या लावून आले,” त्या म्हणाल्या. “आता परत मागायला जाऊ?”

“मला माफ करा, दोन्या रोसेंदा.”

“लोक्रो कसा झाला होता?”

“चांगला झाला होता.”

“मग मका तरी वाया गेला नाही.” त्यांनी बेनिताला खुणेने लाटणं चालू ठेवायला सांगितलं. “आता तुझं ते म्हण. तुझं वाक्य.”

“परत करून बघू,” एर्मिंदा हळूच म्हणाली.

“हं. शुक्रवारी येते मी.”

आणि खरोखरच, त्या चुकीतूनच वाट सापडली. गारव्याने विष पुरतं थांबलं नव्हतं, थोडं कमी झालं होतं. तेवढ्यावर पेशी तगल्या. मग मरण अडवण्यापेक्षा विषच थोडं कमी का करू नये? एर्मिंदाने उरलेली सगळी वर्षं त्यावर घालवली. पुढे दूरदूरच्या प्रयोगशाळांनी ते काम उचललं आणि एक औषध तयार झालं. रोसेंदांना त्याचा उपयोग व्हायला उशीर झाला होता. थरथरत्या हातांनी आणि शाबूत विनोदाने त्या म्हाताऱ्या होऊन गेल्या. बेनिता मात्र ते औषध पहिल्यांदा घेणाऱ्यांपैकी एक होती.

एर्मिंदा निवृत्त झाली त्या दिवशी बेनिता एम्पानादा घेऊन आली. तिची पंचेचाळिशी उलटली होती. एर्मिंदाने तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. एक एम्पानादा उचलून ती उजेडात फिरवत राहिली. मुरड वेणीसारखी होती.

“अजून एक दाखव,” ती म्हणाली. मग आणखी एक. मग सगळी परात.

“डॉक्टरबाई, निवतायत,” ओविदिओ म्हणाला.

“इतक्यात काही म्हणता येणार नाही,” एर्मिंदा म्हणाली, पण तिचे डोळे भरून वाहत होते. “पुढच्या वर्षी परत बघू.”

मित्रांनो, जुनं ते सगळं जपा असं मी सांगणार नाही. पेशींच्या डॉक्टरबाईंकडे जन्म काढल्यावर मला कळतं, की ज्याची वेळ झाली त्याने जावं. पण काही टाकून देण्याआधी त्याच्या खाली काय उमटलंय तेवढं बघत जा. आणि कुणाला आनंदाची बातमी दिलीत आणि ती चुकीची निघाली, तर ते सांगायला स्वतः जा.

माझ्या बुडाला त्या पोच्यापाशीच भोक पडलं, तेव्हा ओविदिओ मला भंगारात द्यायला निघाला होता. बेनिताने मला मागून घेतलं. आता मी तिच्या अंगणात असतो आणि माझ्यात मिरचीचं झाड आहे. पाणी घातलं की खालून गळून जातं, आणि त्या झाडाला नेमकं तेच हवं असतं. रोज सकाळी बेनिता येते, दोन बोटांत देठ धरते आणि एम्पानादासाठी मिरच्या तोडते. मी तिच्या बोटांकडे बघत असतो. आजही ती हलली नाहीत.