पाय लागला त्या तासाची गोष्ट

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, म्हणून आधी माझी ओळख सांगतो, मग झालं तसं सांगतो. मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे. पोटात दिवा, पोटावर काच, आणि वर काठीवर आरशाचं डोकं. काचेवर लिहिलेली पारदर्शक पानं ठेवायची, मी ती भिंतीवर मोठी करून दाखवायची, हे माझं काम.

न्यू जर्सीत आयसेलिनजवळच्या एका हायस्कुलात मी नवा आलो, तेव्हा मुलं मला बघायला उठून उभी राहत. १९८६ उजाडेपर्यंत माझा पंखा खोकू लागला होता, आणि मी रसायनशास्त्राच्या मालिनीताईंच्या कपाटात पडून होतो.

त्या वर्षी सुलेखा आली. वय चाळीस, दोन मुलांची आई, नागपूरची. शिक्षिका व्हायला निघालेली. नागरिकशास्त्राचा एक तास घेऊन दाखवायचा होता. परीक्षक मिसेस डॉयल मागच्या बाकावर गुणांचा फॉर्म घेऊन बसणार. हा तास दुसऱ्यांदा होता. पहिल्यांदा ती नापास झाली होती. आता गेला, तर शिक्षिका होणंच गेलं.

"हा म्हातारा घेऊन जा," मालिनीताई म्हणाल्या. "पण पोटाला हात लावू नकोस, भाजतं. आणि हे बघ, तू वर्गात गेलीस की मुलं उभी राहणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही हो ताई, मी काय नवीन आहे?" सुलेखा म्हणाली, आणि वर्गात गेल्यावर मुलं उभी राहण्याची वाट बघत अर्धं मिनिट थांबली.

नऊ पानं आणली होती तिनं. सुंदर अक्षर, समास आखलेले. विषय 'नागरिकांचे हक्क'. नागपूरला तिच्या लहानपणी शाळेत शिकवत तसं ती वाचून दाखवू लागली, "लिहून घ्या." कोणी लिहून घेतलं नाही. दुसऱ्या पानाला एकानं डोकं बाकावर टेकलं. मिसेस डॉयलनी फॉर्मवर काहीतरी खोडलं. ते सुलेखानं पाहिलं, गडबडीनं वळली, आणि माझ्या वायरीत तिचा पाय अडकला. प्लग निघाला, मी विझलो, मला ठेवलेल्या चाकांच्या गाडीवर तिची चप्पल आपटली.

आणि तिनं काय केलं? वाकून माझ्या पोटाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"स्स! भाजलं गं बाई!"

वर्ग खदखदून हसला. केविन नावाचा मुलगा म्हणाला, "मिस, तुम्ही मशीनची पूजा केलीत?"

सुलेखा बोट फुंकत म्हणाली, "पूजा कसली? पाय लागला, माफी मागितली. ज्याच्याकडून शिकायचं त्याला पाय लावायचा नाही, असं आमच्या घरी."

"नाही मागितली तर?"

"तर आईचा धपाटा! आता तू सांग. रोज सकाळी वर्गात झेंड्यासमोर शपथ म्हणताना छातीवर हात ठेवतोस. नाही ठेवलास तर?"

"शिक्षा."

"मुळीच नाही," खिडकीजवळची डेनिस म्हणाली. "शाळा सक्ती करू शकत नाही."

"करू शकते!"

"नाही!"

बाकावरचं डोकं वर आलं. सुलेखानं सगळ्यांना भांडू दिलं, मग सांगितलं, "चाळीस वर्षांहून जास्त झाली, कोर्टानं निकाल दिलाय. कोणतीही शाळा ती सक्ती करू शकत नाही."

केविननं आपला हात छातीवर ठेवून पाहिला. "म्हणजे इतके दिवस मी हात ठेवतोय तो माझ्या मर्जीनं?"

"आता कळलं ना? आता ठेवलास, तर तो तुझा."

घंटा झाली तरी मुलं भांडतच होती. उरलेली सात पानं कोणी पाहिलीच नाहीत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास मी बंद असताना झाला! थोडं लागलं मनाला. पण थोडंच.

मिसेस डॉयल फॉर्मवर सही करत म्हणाल्या, "पुढच्या वेळी पानं कमी आण. पास."

सुलेखा माझ्या गाडीला टेकून मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, ते वरून मला दिसेना.

"भाजलं ना?" कपाट उघडत मालिनीताईंनी विचारलं.

"भाजलं."

"आणि तास?"

"जमला हो ताई!"

काळजी आता मला होती. गरम दिवा असा अचानक विझवला, पंखा फिरू दिला नाही, तर तो फुटतो. दुसऱ्या दिवशी ताईंनी बटण दाबलं. पंखा खोकला, आणि दिवा लागला. हुश्श!

तेव्हा मित्रांनो, एक मागणं आहे. काम संपलं की कोणाचाही प्लग ओढू नका. निवेपर्यंत पंखा फिरू द्या. यंत्राचंही तसंच आणि चाळिशीत पुन्हा परीक्षेला बसलेल्या बाईचंही. आणि चुकून पाय लागलाच, तर हात जरा जपून लावा.