भरलेली बादली

राजकन्येला पाणी भरता येत नव्हतं, आणि ते मला सहन झालं नाही. एवढंच झालं होतं, पण त्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली.

सत्तेचाळीस सालची गोष्ट. लॉस एंजेलिसच्या कडेला, संत्र्याच्या बागांना लागून आमचा कार्टूनपटांचा स्टुडिओ होता. रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत पुरुष बसायचे, हातात पेन्सिल घेऊन. अलीकडच्या लांबलचक हॉलमध्ये आम्ही ऐंशी बायका, हातात टाक घेऊन. त्यांनी कागदावर काढलेलं चित्र आम्ही सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर शाईनं गिरवायचं, मग दुसऱ्या मुलींनी मागून रंग भरायचे. अशी चोवीस चित्रं झाली की पडद्यावर एक सेकंद सरायचा. अंगठा आणि दोन बोटं कापलेले पांढरे हातमोजे घालून आम्ही दिवसभर श्वास रोखून रेघा ओढायचो. नियम एकच: रेघ सोडायची नाही. पेन्सिल जिथून गेली, टाक तिथूनच जाणार, केसभरही इकडेतिकडे नाही.

हॉल सांभाळायच्या ओडेलबाई. वीस वर्षं तिथंच काढलेली बाई, डोळ्यांत तेल घालून प्रत्येकीचा पत्रा उजेडाला धरून बघणार. माझे मात्र बघायच्या बंद झाल्या होत्या. "वर्नाचं काय बघायचं," म्हणायच्या. ते आठवलं की अजून जिवाला लागतं, कारण मी त्याच विश्वासाचा फायदा घेतला.

मला खरं तर पलीकडे जायचं होतं. पेन्सिल हवी होती. त्याच वर्षी मी अर्ज केला, सोबत माझी तीस चित्रं जोडली. आठ दिवसांत पत्र आलं, छान जाड कागदावर. पडद्यासाठी मूळ चित्रं काढणं हे तरुण पुरुषांचं काम आहे, आपल्या विभागात आपण सुखी असाल अशी आशा आहे, वगैरे. सोबत परत आलेली चित्रं त्यांनी पाकिटातून बाहेरसुद्धा काढली नव्हती. माझी घडी तशीच होती.

आणि पुढच्याच आठवड्यात टेबलावर ही राजकन्या आली.

सिनेमातली राजकन्या वेश बदलून एका खाणावळीत मोलकरीण म्हणून राहते. विहिरीवरून पाणी आणते, गाणं म्हणते, राजपुत्र कुंपणाआडून बघतो. विहिरीपासून दारापर्यंत पाच सेकंद, म्हणजे एकशेवीस चित्रं. पहिली चाळीस लुपेकडे, मधली चाळीस माझ्याकडे, शेवटची पुन्हा लुपेकडे. लुपे आर्मेंटा माझ्या शेजारच्या टेबलावर. तिचं तोंड माझ्याहून फटकळ, हे मुद्दाम सांगते, कारण माझंही कमी नाही.

मी गठ्ठा हातात घेऊन फरफर उलटला. राजकन्या चालली होती ताठ मानेनं, कंबर सरळ, बादली बोटांत अशी धरलेली जशी काही पर्सच.

"लुपे, बादली रिकामी आहे का गं?"

"भरलेली आहे. दाराशी गेल्यावर घोड्यापुढं ओतते ना ती. शेवटचा गठ्ठा बघितला मी."

"मग ही अशी काय चालते?"

"राजकन्या आहे बाई ती. तिचं पाणी सुद्धा हलकं असणार. तू गिरव गप."

माझा जन्म नेब्रास्कातल्या शेतावरचा. विहीर घरापासून दोनशे पावलं. माझ्या आईनं सहा पोरं पोटात असताना ते पाणी वाहिलं. तिचा डावा खांदा मरेपर्यंत खाली झुकलेला होता, शवपेटीतसुद्धा सरळ झाला नाही. भरलेली बादली उजव्या हातात असली की बाई डावीकडे कलते, डावा हात पंखासारखा बाहेर जातो, पावलं आखूड पडतात, नजर पाण्यावर राहते. हे काय शिकवावं लागतं? आणि इथं दहा हजार पोरी बघणार की मोलकरणीचं काम म्हणजे गाणं गात मिरवायचं.

मी टाक बुडवला आणि रेघ सोडली.

चाळीसच्या चाळीस पत्रे मी माझ्या मनानं काढले. खांदा झुकवला, पाठ कलवली, डावा हात बाहेर काढला. दोन दिवस लागले. लुपेनं एकदा वाकून बघितलं आणि म्हणाली, "वर्ना, हे म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा." मी म्हटलं, "माहितीये." मग तिनं तोंड फिरवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

रागाच्या भरात एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आलीच नाही. मागचापुढचा गठ्ठा लुपेनं इमानेइतबारे जशाच्या तसा गिरवला होता. गिरवणारी बाई आपल्या गठ्ठ्यापलीकडे बघत नाही, सवयच नसते. पंधरा वर्षं मीही कधी बघितलं नव्हतं.

रंग भरून, फोटो निघून तो तुकडा छोट्या पडद्यावर लागला तेव्हा गोंधळ झाला. आम्हाला तिथं कधी बोलावत नसत. त्या दिवशी ओडेलबाईंना बोलावलं आणि त्यांनी येऊन माझ्या टेबलावर बोट ठेवलं. प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात गिरवणारीची अक्षरं असतात, त्यामुळं शोधायला काही लागलंच नाही.

खोलीत पंधराएक पुरुष होते. दिग्दर्शक पुढं, आणि राजकन्या ज्यांच्या हातची ते हॅलोरनसाहेब बाजूला, माणूस दांडगा, सहा फुटांचा. दिवा मालवून त्यांनी तुकडा लावला. राजकन्या पिसासारखी चालत आली. मध्येच तिच्या बादलीत एकदम पाणी आलं, बिचारी वाकली, पावणेदोन सेकंद जीव खाऊन चालली, आणि पुढं पुन्हा पीस.

"काय झालं हिला? कमरेत उसण भरली का?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. खरं सांगते, मलाही हसू आलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ओडेलबाई, बदमाशी आहे ही," दिग्दर्शक म्हणाले. "उद्यापासून ही मुलगी हॉलमध्ये नको."

ओडेलबाई माझ्याकडे वळल्या. "रेघ का सोडलीस?"

"बादली भरलेली आहे म्हणून."

"आणि मला न सांगता?"

"चुकलं," मी म्हटलं. "न सांगणं चुकलं. रेघ चुकली नाही."

बाई तडक दाराजवळ गेल्या. आमचे पत्रे पटकन पेट घ्यायचे, म्हणून प्रत्येक खोलीत पाण्याची लाल बादली टांगलेली असे. ती त्यांनी दोन्ही हातांनी काढली आणि हॅलोरनसाहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"साहेब, पडद्यापासून दारापर्यंत न्या बघू. ताठ मानेनं. गाणंही म्हणा."

"अहो बाई, काहीतरीच काय."

"पाच सेकंदांचं तर काम आहे. राजकन्या करते."

लोक हसले, म्हणून साहेब भरीला पडले. बादली उचलली, गाणं सुरू केलं. तिसऱ्या पावलाला डावा हात आपोआप बाहेर गेला. पाचव्याला गाणं थांबलं. दारापाशी पोचेपर्यंत एवढा मोठा माणूस डावीकडे कलला होता, नजर पाण्यावर, आणि तरी बूट भिजलाच. खोलीत आता कुणी हसत नव्हतं. तिथं बसलेले सगळे चित्रकार होते, डोळे काही फुटले नव्हते त्यांचे.

"मधला तुकडा पुन्हा लावा," हॅलोरनसाहेब बादली न ठेवताच म्हणाले.

पुन्हा लावला. तीनदा लावला.

दिग्दर्शक कुरकुरले, "पण राजकन्या आहे ती. वाकलेली बरी नाही दिसत."

"मग पाणी राजपुत्राला आणायला सांगा," मी म्हटलं. तशीही नोकरी गेलीच होती, झाकून काय ठेवायचं?

हॉलमध्ये परत आल्यावर ओडेलबाईंनी आपला ड्रॉवर उघडला, तळातून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत पत्र होतं, छान जाड कागदावर. तरुण पुरुषांचं काम आहे, आपल्या विभागात सुखी असाल. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. माझ्या पत्रात आणि त्यात एका शब्दाचा फरक नव्हता.

"मी फक्त अर्ज केला होता," बाई म्हणाल्या. "तू निदान चाळीस चित्रं तरी काढलीस." आणि त्यांनी पाकीट परत घेऊन ड्रॉवर लावून टाकला. मला रडू आलं, पण तिथं पत्र्यांवर पाणी पडू देत नाहीत, म्हणून बाहेर जाऊन रडले.

सकाळी मी सामान घ्यायला गेले, तर हॅलोरनसाहेब माझ्या टेबलापाशी उभे. ऐंशी बायकांचे टाक थांबलेले.

"उरलेली ऐंशी तूच काढ," ते म्हणाले. "पेन्सिलीनं. दिग्दर्शकांशी मी बोललोय."

पलीकडच्या इमारतीत त्यांनी मला जिन्याखाली टेबल दिलं. बायकांसाठी संडास तिथं नव्हताच, दरवेळी रस्ता ओलांडून आपल्या हॉलमध्ये यावं लागे. लुपे विचारायची, "काय, राजवाड्यातून आलात वाटतं?" तीन आठवड्यांत ऐंशी चित्रं झाली, आणि मला सांगण्यात आलं की आता परत टाक हाती घे. सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांच्या पाटीत माझं नाव नव्हतं. मी टाक घेतला. पण हात आता पेन्सिलीला सोकावला होता, गिरवायला नको म्हणत होता.

वर्षभरानं सिनेमा लागला. आम्ही तिघी, लुपे, ओडेलबाई आणि मी, शनिवारच्या दुपारच्या खेळाला गेलो. विहिरीचा प्रसंग आला तेव्हा लुपेनं माझं मनगट घट्ट धरलं. पाच सेकंद. आला आणि गेला.

खेळ सुटला. बाहेरच्या दालनात पोरींची ही गर्दी. बहुतेक जणी झगे धरून गिरक्या घेत होत्या, शेवटच्या नाचातल्यासारख्या. राजपुत्रही देखणा होता, मी कुणाला दोष देत नाही. तेवढ्यात गर्दीतून सहाएक वर्षांची एक पोर आली, दोन दात पडलेली. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली, अंग डावीकडे कललेलं, डावा हात बाहेर, पावलं आखूड. नजर मुठीखाली, जिथं काहीच नव्हतं.

"नीट चाल की गं, अशी वाकडी काय चालतेस?" तिची आई म्हणाली.

"भरलेली आहे," पोर वर न बघता म्हणाली. "सांडेल."

तिच्या वाटेत आम्हीच उभ्या होतो. ओडेलबाईंनी मला आणि लुपेला दंडाला धरून भिंतीशी ओढलं.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "तिला जाऊ द्या."

ती पार दारापर्यंत गेली आणि फुटपाथला लागून उभ्या मोटारीच्या चाकापुढं तिनं सगळं पाणी नीट ओतलं.

सोमवारी मी अर्ज लिहिला नाही. पेन्सिल घेऊन रस्ता ओलांडला आणि जिन्याखालच्या टेबलावर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत मला कुणी ऊठ म्हणालं नाही.