पुढे वाचू नये

मोजण्याचं काम करणाऱ्या माणसांची एक खोड असते. सगळं जग मोजतील, पण हातातली पट्टी बरोबर आहे का, हे तपासायचं त्यांच्या मनातही येत नाही. आमच्या प्राध्यापिकाबाईंच्याही एकतीस वर्षांच्या नोकरीत आलं नव्हतं. मानसशास्त्र विभागात त्यांचा दरारा होता. शिफारस चालायची नाही, कुणाची गय नसायची. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘तराजू’ म्हणायचे. ते कानावर आलं तेव्हा बाई वरवर रागावल्या आणि घरी जाऊन खूश झाल्या.

निवृत्तीला चार महिने उरले होते. विभागाची स्टोअररूम रिकामी करायची म्हणून त्यांनी हाताखालच्या संशोधक मुलीला जुनी खोकी चाळायला बसवलं. पोरगी चिवट होती. फेकायचे कागदसुद्धा वाचून मग फेकायची. तिसऱ्या दिवशी ती एक पिवळा पडलेला तक्ता घेऊन दारात उभी राहिली.

“मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“आधीच अभय मागतेस म्हणजे रागावण्यासारखंच असणार. विचार.”

“आठवीच्या मुलांची कल चाचणी. हा तिचा गुण द्यायचा तक्ता. यात मुलांचा रकाना वेगळा आणि मुलींचा वेगळा का?”

“तेव्हा तसंच असायचं,” बाई म्हणाल्या. उत्तर त्यांचं त्यांनाच पचलं नाही.

चाचणी साधी होती. एका प्रश्नात लिहिलं होतं: घरातलं शिलाई मशीन अचानक बंद पडलं, मोठं कुणी घरी नाही, तर तू काय करशील? ‘उघडून बघीन’ असं मुलाने लिहिलं तर तो पुढाकार, तीन गुण. तेच मुलीने लिहिलं तर उतावळेपणा, शून्य. ‘मोठ्यांची वाट बघीन’ असं मुलीने लिहिलं तर समजूतदार, मुलाने लिहिलं तर परावलंबी. शेजारच्या काकांना हाक मारीन म्हणणारी मुलंही त्यात परावलंबी ठरली. ज्या गल्लीत सगळे सगळ्यांच्या घरात जात-येत, ती अख्खी गल्लीच त्या वर्षी परावलंबी निघाली होती. हा तक्ता परदेशातल्या एका पुस्तकातून उचललेला. तिथल्या लेखकाने आपल्या गावातली मुलं मोजली होती आणि मुलींचा रकाना अंदाजाने भरला होता. तसं त्याने तळटीपेत प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. भाषांतर करताना बाईंच्या गाइडनी तळटीप गाळायला सांगितली. बाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी गाळली.

“मी गंमत म्हणून मुलींची उत्तरं मुलांच्या रकान्याने तपासली,” पोरगी म्हणाली. “मुलगे एकशेचाळीस, मुलीही एकशेचाळीस. तांत्रिक शाखेला मुलगे पात्र ठरले होते अठ्ठावन्न आणि मुली नऊ. आता मुली होतात एकसष्ट.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“आणि मॅडम, खाली हाताने एक नियम लिहिलाय. ‘फक्त पहिली क्रिया मोजावी. पुढे वाचू नये.’ हा कुणी घातला?”

“मी.”

त्या नियमाचा तेव्हा केवढा अभिमान होता त्यांना! पुढे वाचलं की सुंदर अक्षराची, गोड भाषेची भूल पडते आणि तपासणारा पाघळतो. म्हणून पहिलं क्रियापद बघायचं, गुण द्यायचे आणि कागद उलटा करायचा. गाइडनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

पोरगी गेल्यावर बाईंनी दाराला कडी लावली आणि मुलींचं खोकं स्वतः उपसलं. एकशेसतरा नंबरचा कागद शोधायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. कागदावर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. पण ते उजवीकडे झुकलेलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलेलं होतं. तो त्यांच्या धाकट्या बहिणीचा कागद होता.

हे त्यांना आज कळलं असं नाही, हीच तर बोच होती. तेव्हाही कळलं होतं. पेन क्षणभर थबकलं होतं, मग त्यांनी ठसठशीत शून्य काढलं आणि बहीण म्हणून गय केली नाही म्हणून त्या दिवशी ताठ मानेने घरी गेल्या. पुढे शाळेतून अहवाल आला: ‘उतावळी. तांत्रिक शाखेस अयोग्य.’ वडील म्हणाले, मोठीचीच चाचणी आहे, खोटी कशी असेल? धाकटीला टायपिंगला घातलं. गेली पंचवीस वर्षं ती एका दवाखान्याच्या खिडकीत बसून रोग्यांची नावं लिहून घेत होती.

आणि कालच तिचा फोन आला होता. तिच्या मुलीला यंत्रांच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळत होता. उद्या शेवटची तारीख, आणि आईची सही हवी होती. “ताई, तूच समजाव पोरीला,” धाकटी म्हणाली होती. “आपल्या रक्तात नाही ते. माझं नव्हतं का तुझ्याच चाचणीत निघालं?” आणि ताई ‘बघते’ म्हणाल्या होत्या.

बाईंनी कागद पर्समध्ये घातला. वाचला मात्र नाही. संध्याकाळी त्या धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या.

आता खरं सांगायचं तर वाटेत त्यांनी पळवाट शोधून ठेवली होती. काळ बदललाय, पोरीला जाऊ दे, एवढं म्हणून भागत असेल तर जुनं मढं कशाला उकरा? साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

“अगं, जाऊ दे की तिला,” चहाचा पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या. “हल्ली मुली सगळं करतात.”

“करणाऱ्या करतात,” धाकटी म्हणाली. “माझी पोर माझ्यावर गेलीय. दिसलं यंत्र की घाल हात. उद्या तिथे नापास झाली की तोंड लपवत फिरेल. तू शिकलेली आहेस ना? मग तुझ्या शास्त्राने सांगितलेलं खोटं का?”

भाची कोपऱ्यात फॉर्म मांडीवर घेऊन बसली होती. तिने मावशीकडे पाहिलं. त्या नजरेपुढे काठी वाचवणं बाईंना जमलं नाही.

“खोटं होतं,” त्या म्हणाल्या. “तू नापास नव्हतीस. मी केलं तुला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन रकाने, गाळलेली तळटीप, एकशेसतरा नंबर. धाकटी चहा ढवळत राहिली.

“माझा कागद आहे हे माहीत होतं तुला?”

“होतं.”

“हेच मुलाने लिहिलं असतं तर?”

“तीन दिले असते.”

धाकटीने हात पुढे केला. ताईंनी पर्समधून कागद काढून दिला. तिने चष्मा लावला आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचू लागली.

“‘मी मशीन उघडून बघीन.’ शून्य इथेच दिलंस?”

“इथेच. पुढे मी वाचलं नाही.”

“आज तरी वाचलंस?”

“धीर झाला नाही.”

धाकटीने कागद दिव्याजवळ धरला. “‘पण आधी सुई काढून ठेवीन, म्हणजे ती बोटात घुसणार नाही. मग पट्टा सैल झालाय का बघीन. खाली दोरा गुंततो, तो चिमट्याने काढीन. स्क्रू ज्या क्रमाने काढीन त्याच क्रमाने ताटलीत मांडीन, म्हणजे लावताना चुकणार नाही. तेल घालीन.’”

“आई, हे तू लिहिलंस?” भाची म्हणाली.

“गप गं, वाचू दे. ‘तरी चाललं नाही तर जसं होतं तसं परत लावीन आणि ताई आली की तिला विचारीन. ताई माझं सगळं ऐकून घेते.’”

धाकटीने चष्मा काढला.

“आणि मी विचारलं होतं, ताई. निकाल आला त्याच दिवशी. तू आरशापुढे वेणी घालत होतीस. मी म्हटलं, माझं काय चुकलं ते तरी सांग. तू म्हणालीस, नियम म्हणजे नियम.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. “आठवतं तुला?”

बाईंनी आठवून पाहिलं. आरसा आठवला, ती खोली आठवली, निकालाचा दिवसही आठवला. दारात उभी राहून विचारणारी तेरा वर्षांची मुलगी कुठेच सापडेना. ‘हो’ म्हणणं सोपं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

धाकटीने मान हलवली. पोरीच्या मांडीवरचा फॉर्म घेतला, सही केली आणि परत दिला. जुना कागद तिने घडी घालून आपल्या कपाटात ठेवला. “तो विभागाचा...” असं ताईंच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. धाकटीला ऐकू गेलं होतं. तिने कपाटाला किल्ली लावली.

“मावशीला खालपर्यंत सोडून ये,” ती मुलीला म्हणाली. “मला जरा एकटीला बसू दे.”