वहीत न लिहिलेला पासवर्ड

माझ्याकडे चारशे बारा लोकांचे पासवर्ड आहेत. बढाई मारत नाही, सांगतोय. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव, गावात एकच ऑनलाइन सेंटर, आणि ते माझं. पीकविमा, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, काहीही भरायचं तर ईमेल लागतो आणि ईमेल म्हटलं की लोक म्हणतात, "रवी, तूच काढ." मी काढतो. पासवर्ड म्हणजे ज्याचं त्याचं नाव आणि पुढं एक दोन तीन चार. मोबाइल नंबर माझाच टाकतो, कारण ओटीपी येतो तेव्हा माणूस रानात असतो. हे सगळं एका लांब वहीत उतरवून ठेवतो. लोक आपणहून सांगतात, लिहून ठेव बाबा, आमच्याकडं हरवंल. यात माझं काय चुकलं, ते कुणीतरी मला समजावून सांगावं.

सोमवारी दुपारी सुकन्या दुकानात आली, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

सुकन्या म्हणजे मेंढरं राखणाऱ्या आश्रुबांची मुलगी. अंबाजोगाईला बी.एस्सी. केलेली, बोलायला तिखट. गावाचं गायरान एका सोलर कंपनीला द्यायचा ठराव ग्रामसभेत झाला म्हणतात. झाला म्हणतात, कारण ती ग्रामसभा कुणी पाहिली नाही. सरपंच विठ्ठलराव सांगतात की लोकांनी येऊन अंगठे दिले. त्या अंगठ्यांत सुकन्याच्या आजीचा, रतनबाईचाही अंगठा आहे, आणि रतनबाईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गायरान गेलं तर आश्रुबांची मेंढरं चरणार कुठं, हा सरळ प्रश्न. ठरावाविरुद्ध सुकन्यानं बीडच्या एका वकीलबाईंमार्फत अर्ज केला होता, त्याची शुक्रवारी तिथं सुनावणी होती. ठरावाच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो कुणीतरी काढून सुकन्याला दिले होते. कुणी, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"रवीदादा, मला नवा मेल काढायचाय," ती म्हणाली. "पण असा, की जो तुलाबी उघडता येणार न्हाई."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. "कावून? जुन्या मेलला काय झालं?"

"जुन्या मेलवरून मी वकीलबाईला लिव्हलं, की फोटो मिळालेत. दुसऱ्या दिवशी रजिस्टर पंचायतीच्या कपाटातून गायब. मी तर कुणालाच सांगितलं न्हवतं."

मी मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ फुंकत बसलो. कारण तिनं तो मेल लिहिला त्याच दिवशी विठ्ठलरावांचा मुलगा अभिमन्यू माझ्याच खुर्चीवर बसून गेला होता. "आश्रुबाच्या पोरीचं बघ जरा," म्हणाला, आणि मी वही उघडली. नको म्हणायचं सुचलंच नाही. सेंटर मिळालं ते विठ्ठलरावांच्या शिफारशीनं. आई पंचायतीत झाडलोट करते, ती नोकरीही त्यांच्याच शब्दावर. अशा माणसाच्या मुलाला नको म्हणायला तोंड वेगळं लागतं.

मग आम्ही शोधायला लागलो. मला वाटलं होतं, असलं काही नसतंच. पण निघाले की चार-पाच. एक परदेशातला होता, तो पैसे मागत होता. दुसऱ्याला मोबाइल नंबर हवा होता, सुकन्यानं लगेच पान बंद केलं. तिसऱ्याच्या पानावर लिहिलं होतं, तुमची पत्रं कुलूप लागूनच आमच्याकडं येतात, आम्हालाही वाचता येत नाहीत. मी हसलो. "असं सगळेच म्हणतात."

"पुढचं वाच ना. पासवर्ड इसरलात तर जुनी पत्रं आमी पण परत देऊ शकत न्हाई. जो वाचू शकतो तो असं कशाला लिव्हंल?"

बारा वर्षं मी हाच धंदा करतोय आणि ही मुलगी मला माझा धंदा शिकवत होती. तिनं स्वतःच्या मोबाइलवर खातं काढलं. पासवर्ड टाकताना माझ्याकडं पाठ केली. मेलच्या पत्त्यासकट एका कागदावर लिहिला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. वकीलबाईला, संगीता त्यांचं नाव, तिनं फोन करून असंच खातं काढायला लावलं. दोन्हीकडं तेच कुलूप असेल तर मधला कुणी वाचत नाही म्हणे. रजिस्टरचे फोटो तिथूनच गेले. माझी वही टेबलावर तशीच पडून होती आणि पहिल्यांदाच तिच्यात लिहायला काही नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, मंगळवारीही तेच. चार वेळा चहा पिऊन आलो. कुणाचा उत्पन्नाचा दाखला भरता भरता दुसऱ्याचंच नाव टाकलं. पाय एका जागी ठरत नव्हते. मी स्वतःशी घोळत होतो, की सांगावं का तिला? सांगून काय मिळणार? ती मला शिव्या देईल, बस. मग पुन्हा वाटायचं, तिनं पाठ केली ती काय उगीच? तिला माहीतच असणार. माहीत असून रवीदादा म्हणते, हे जास्त झोंबत होतं.

बुधवारी अकराला अभिमन्यू बुलेट लावून आत आला. खुर्ची ओढून बसला.

"पोरीनं परवा इथं बसून नवा मेल काढलाय म्हणं. उघड बे."

"माझ्याकडं न्हाई त्याचा पासवर्ड, दादा."

"कावून न्हाई? सगळ्या गावाचा हाय, तिचाच न्हाई?"

"तिनं दिला न्हाई."

त्यानं आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. "हे बघ रवी, आपल्याला पोरीशी काही घेणंदेणं न्हाई. फोटो कुणी काढले तेवढं एक नाव पाहिजे. कपाटाला कुलूप असताना आतला माणूस असल्याशिवाय हे होत न्हाई. संध्याकाळपर्यंत बघ. न्हाई तर सेंटरच्या परवान्याचं नूतनीकरण यंदा जरा अवघडच दिसतंय." जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी भावासारखा.

बारा वाजता रस्त्यावर हॉर्नचा गोंधळ झाला. पाहिलं तर आश्रुबांची मेंढरं रस्ताभर पसरलेली, मागं उसाचा ट्रॅक्टर अडकलेला, आणि आश्रुबा सगळ्यांकडं दुर्लक्ष करून माझ्याच दुकानात शिरत होते. मुंडाशाच्या पदरातून त्यांनी एक कागद सोडवला.

"रवी, हे घे. वहीत लिव."

"काय हाय हे, मामा?"

"पोरीच्या मेलचं. पर्वा घरी सांगत व्हती, हे इसरलं तर सगळं गेलं, कुणालाच देता येत न्हाई म्हून. आन् कागद ठिवला तर कुठं, डाळीच्या डब्यात! उंदरानं खाल्ला म्हंजी? मी म्हन्लं, साऱ्या गावाचं रवीकडं हाय, आमचंच कावून न्हाई? लिव, लौकर लिव, मेंढरं खोळंबल्यात."

त्यांना वाचता येत नाही. गावातल्या सगळ्यात सुरक्षित जागी आणून दिलं, एवढीच त्यांची समजूत. मी "लिहितो" म्हणालो. ते निघाले, मेंढरं हाकलली, ट्रॅक्टर गेला, रस्ता मोकळा झाला. कागद माझ्या हातात.

आता मी जे केलं ते सांगतो. मी शटर अर्धं ओढलं आणि तो मेल उघडला. अभिमन्यूसाठी नाही, असं मी मनात म्हटलं. फक्त बघायचं, मग फाडून टाकायचं. पण हेही खरं, की नाव हातात आलं तर संध्याकाळचा प्रश्न सुटेल, हा हिशोब डोक्यात कुठंतरी चालू होताच. माणूस स्वतःशी किती लबाड असतो, ते मला त्या पाच मिनिटांत कळलं.

वकीलबाईंनी विचारलं होतं: फोटो ज्यांनी काढले त्या व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र मिळेल का? सुनावणीत उपयोग होईल.

खाली सुकन्याचं उत्तर:

"मॅडम, फोटो बायडाबाईंनी काढले. त्या पंचायत झाडतात, कपाटाची किल्ली कुठे ठेवतात ते त्यांना ठाऊक आहे. माझी आजी आणि त्या मैत्रिणी होत्या. मेलेल्या बाईचा अंगठा पाहून त्यांना राहवलं नाही. सही त्या करतील, पण शुक्रवारी थेट बीडला येऊन, त्याआधी नाव कुठेही जाऊ नये. त्यांची एकच अट आहे, त्यांच्या मुलाला कळू द्यायचं नाही. त्या म्हणतात, पोरगं वाईट नाही, पण त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही."

बायडाबाई माझी आई.

मी ते तीनदा वाचलं. आई रोज सकाळी माझ्यासोबत भाकरी खाते, रोज विचारते, आज किती गिऱ्हाईकं आली. तिचा मोबाइल मीच घेऊन दिला. फोटो कसे काढायचे तेही मीच शिकवलं. आणि गावापासून काही लपवायची वेळ तिच्यावर आली तेव्हा तिनं सगळ्यात आधी लपवलं ते माझ्यापासून. वाईट याचं वाटलं, की ती म्हणते त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मी मेल बंद केला. कागदाचे इतके बारीक तुकडे केले की बोटं दुखली, आणि चहाच्या गाळात कालवून टाकले. तरी डोळ्यांसमोर ती अक्षरं होतीच. पासवर्ड पाठ झाला होता. तो कसा फाडणार?

दहा मिनिटांत सुकन्या स्कूटीवरून आली. धापा टाकत होती. "माझ्या मेलमधी कुणीतरी शिरलं. मोबाइलवर सूचना आली, नव्या कॉम्प्युटरवरून."

"मी शिरलो," मी म्हणालो. "मामांनी कागद आणून दिला, वहीत लिव म्हणाले. त्यांना बोलू नकोस. मी वाचलं, सगळं. आन् जुन्या मेलचंबी मीच दाखवलं व्हतं अभिमन्यूला."

शिव्यांची वाट पाहत होतो. तिनं एकही दिली नाही. मोबाइल काढला, तिथंच उभं राहून पासवर्ड बदलला. दोनदा चुकला. मग म्हणाली, "दादा, आता तुझ्या पोटात हाय ते. त्याचा पासवर्ड मला बदलता येत न्हाई." आणि गेली.

चारला अभिमन्यूचा फोन आला. "मिळालं का?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"त्या मेलला बाहेरून रस्ताच न्हाई, दादा. कंपनीलाबी दिसत न्हाई. तुमी बीडवरून माणूस आणा, तोबी हेच सांगंल."

"ठीक हाय. नूतनीकरणाचं बघू मग," म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं, असं कधी म्हणालो तर छाती भरून येईल. तसलं काही झालं नाही. मी सेंटर बंद करून घरी निघालो.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. "आज लवकर आलास?"

मी समोर बसलो. न सांगता शुक्रवारपर्यंत निभलं असतं. पण तिच्यासोबत दोन दिवस भाकरी खायची आणि माहीत नसल्यासारखं करायचं, ते माझ्यानं होणार नव्हतं.

"आई, फोटो तू काढलेस. मला म्हाईत हाय."

तिचा हात सुपात थांबला. कसं कळलं, कुणी सांगितलं, यातलं तिनं काहीच विचारलं नाही.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई."

"अभिमन्यूला?"

"न्हाई आई. त्यानं इचारलं व्हतं. न्हाई म्हन्लो."

तिनं माझा चेहरा निरखला. लहानपणी ताप आहे का बघायची तसा, बराच वेळ. मला वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवील. तिनं सूप बाजूला ठेवलं, मोबाइल उचलला आणि सुकन्याला फोन लावायला आतल्या खोलीत गेली. जाताना तिनं दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.