हिरड्यांवर साखरेचं पाणी

कुत्र्याचं पिल्लू कापत होतं. मूठभर जीव टॉवेलात गुंडाळला, तरी थरथर थांबेना. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "गारठलं असेल गं, ऊब दे." ऊब देऊन दोन तास उलटले. सकाळी कामावर निघताना नवऱ्याचं म्हणणं वेगळंच. "नवं घर, घाबरलंय. लग्नानंतर आठवडाभर तूही अशीच होतीस की!" आणि स्वतःच हसला.

चार दिवसांपूर्वी दाराची आतली कडी मोडली, तेव्हापासून तो कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. दार आपोआप उघडतं, बाळ रांगत जिन्यापाशी जाईल, म्हणून. किल्ली एकच, त्याच्या खिशात. जनावरांचा दवाखाना समोरच, खिडकीतून पाटी वाचता येत होती. आणि ती इथे, एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात हे.

पिल्लाची मान लुळी पडू लागली तसा तिने पाटीवरचा नंबर फिरवला.

"केवढं आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सहा आठवड्यांचं. विकणारा तसं म्हणाला."

"शेवटचं कधी खाल्लं?"

"काल संध्याकाळी. दिवसातून दोनदाच द्या म्हणाला तो. आज तोंडच लावलं नाही."

"अहो, बाळाचा आवाज येतोय मागून. त्याला दोनदाच पाजता का?"

तिचे कान तापले. बाळाच्या वेळा वहीत लिहून ठेवणारी ती!

"ओठ वर करा. हिरड्या कशा दिसतात?"

"पांढरट."

"रक्तातली साखर उतरलीय. साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल."

बाळाला जमिनीवर ठेवून तिने चोळलं. पुन्हा चोळलं. बऱ्याच वेळाने इवलीशी जीभ तिच्या बोटाला लागली.

"चाटतंय!"

"छान. पण हे अर्ध्या तासापुरतं. लगेच घेऊन या."

"येता येत नाही."

"बाळालाही आणा की."

"तसं नाही. दाराला बाहेरून कुलूप आहे."

चार दिवसांत हे तिने प्रथमच कुणाला तरी सांगितलं. घरात ते इतकं विचित्र वाटलं नव्हतं.

"कोपऱ्यावर किल्लीवाला बसतो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "पाठवू?"

"पाठवा."

नवऱ्याला विचारायचं राहिलं, हे फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. तरी तिने त्याला फोन केला नाही. पिल्लाला छातीशी धरून ती बाळाचं टोपडं शोधू लागली.